‘विचार’ कर आणि मग ‘विचार’: हे दोन च आपल्या डोक्यात आले कुठून?

शनिवारची_शिकवणी

नमस्कार मंडळी. मी माटुंग्याला दर शनिवारी सकाळी मोठ्या माणसांना मराठी बोलायला शिकवते. वर्गात सध्या नऊ जण आहेत: बँकेतल्या एक तमिळ बाई, मूळचा गोरखपूरचा एक इलेक्ट्रिशियन, दोन गुजराती जावा, वरळीच्या एक तेलुगू आजी, असे. सगळे मुंबईतच राहणारे, पण मराठी कानावरून गेलेली, तोंडात न बसलेली.

गेल्या शनिवारी इलेक्ट्रिशियन मुलगा म्हणाला, ‘मॅडम, चमचा द्या.’ दोन्ही च चहातले. मी म्हटलं, नाही रे, जीभ दातांमागे लाव, च़मच़ा. त्याला जमलं. मग मी म्हटलं, आता दोन हवेत. तो म्हणाला, ‘दोन चमचे’, आणि शेवटच्या ‘चे’लाही जीभ दातांमागेच. मी म्हटलं, नाही, इथे चहातला. तो बिचारा थांबला. फळ्यावर मी ‘चमचा’ आणि ‘चमचे’ एकाखाली एक लिहिलेले, दोन्हींत तेच अक्षर. तमिळ बाईंनी विचारलं, ‘हे कुठे लिहिलेलं असतं? तुम्हाला कोणी सांगितलं?’

मला कोणीच सांगितलं नाही. शाळेत नाही, घरी नाही. ‘विचार कर आणि मग विचार’ या वाक्यात पहिल्या ‘विचार’मधला च टाळूचा, दुसऱ्यातला दातांचा. आपलं तीन-चार वर्षांचं पोरसुद्धा यात चुकत नाही. तीच गोष्ट लिंगाची. खुर्ची ती, टेबल ते, फोन तो. का?

म्हणून भाषाविज्ञानाचं एक पुस्तक आणलं. त्यात प्रत्येक आवाजापुढे अधिक-उणे चिन्हांचा तक्ता: घोष (गळ्यात कंप होणारा) अधिक, नासिक्य (नाकातून येणारा) उणे, असं. लिंग, वचन, पुरुष यांचेही तसेच तक्ते. त्यांना फीचर्स म्हणतात, मराठीत व्यवच्छेदक लक्षणं. तक्ते समजले. पण माझा प्रश्न तक्त्याच्या मागचा आहे. ही लक्षणं येतात कुठून? माणूस ती घेऊन जन्माला येतो, की भाषा ती आपली आपण घडवते? दोन आठवडे झाले, याच्यापलीकडे डोकं जात नाही. जाणकारांनी सांगावं.

खिळेजुळारी

ताई, आधी वर्गापुरतं सांगतो. इ, ई, ए आणि य यांच्या आधी च, ज, झ नेहमी टाळूचे: चित्र, चेहरा, जीभ, झेंडा. बाकी स्वरांपुढे अस्सल मराठी शब्दांत बहुतेक दातांचे: चोर, चूल, चाक, जाळं, झाड. म्हणून ‘चमचा’ दातांचा आणि ‘चमचे’ टाळूचा. ‘माझा, माझं’ दातांचे आणि ‘माझी, माझे’ टाळूचे. तुमच्या मुलाला चमचा सोडून ‘माझा-माझी’ घोकायला द्या, दिवसातून शंभर वेळा लागतं.

मी गिरगावात छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवले. आमच्या केसमध्ये, म्हणजे अक्षरांचे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, च चं घर एकच. ज चं एकच. हात त्या घरात गेला की मनात कुठला च आहे याने काही फरक पडत नसे. लिपीला हा भेद माहीतच नाही, कारण नागरी संस्कृतासाठी बसवलेली आणि संस्कृतात एकच च. तेव्हा तमिळ बाईंना सांगा, कुठेही लिहिलेलं नसतं.

पण संस्कृतवाल्यांनी बाकी सगळं केवढं बारकाईने पाहिलं होतं! क ख ग घ ङ ही ओळ म्हणजे तुमचा अधिक-उण्यांचा तक्ताच आहे, फक्त चिन्हं नाहीत. क अघोष अल्पप्राण, ख अघोष महाप्राण, ग घोष अल्पप्राण, घ घोष महाप्राण, ङ अनुनासिक. खालच्या ओळीत स्थान बदला, बाकी क्रम तोच. प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथांत, स्थान आणि प्रयत्न असे वेगळे शब्दच आहेत. पाणिनीने ‘तुल्यास्यप्रयत्नं सवर्णम्’ म्हणताना हेच सांगितलं: तोंडातली जागा आणि प्रयत्न सारखे, ते वर्ण सवर्ण. आणि चौदा शिवसूत्रांत अक्षरांची मांडणी अशी केली की ‘इक्’, ‘यण्’, ‘अच्’ असे गट दोन अक्षरांत सांगता यावेत. ‘इको यणचि’ (पुढे स्वर आला की इ-उ-ऋ-ऌ चे य-व-र-ल होतात) हे सूत्र तेवढ्यावर चालतं.

कलिन्याचा_विद्यार्थी

काका, फार छान. त्यापुढचं थोडं मी जोडतो, कारण ताईंचा ‘कुठून’ हा प्रश्न युरोप-अमेरिकेत याच रस्त्याने पुढे गेला. व्हिटनी या अमेरिकन संस्कृत अभ्यासकाने अथर्ववेदाचं प्रातिशाख्य 1862 मध्ये इंग्रजीत आणलं, आणि घोष-अघोष भेदाची स्पष्ट कल्पना पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राला भारतीय ग्रंथांतून बरीच मिळाली. त्रुबेत्स्कॉय या रशियन भाषाशास्त्रज्ञाचा ग्रंथ तो गेल्यावर 1939 मध्ये आला. एखाद्या भाषेत कोणते आवाज एकमेकांसमोर उभे राहून अर्थ बदलतात, हे त्याने पाहिलं. त्याच्यासाठी भेद त्या त्या भाषेचा होता.

याकोबसन हा दुसरा रशियन भाषाशास्त्रज्ञ पुढे गेला. 1952 मध्ये त्याने फान्ट आणि हाले यांच्याबरोबर एक छोटं पुस्तक लिहिलं. फान्ट स्वीडनचा, ध्वनीची यंत्रं चालवणारा अभियंता. जगातल्या सगळ्या भाषांचे आवाज बारा जोड्यांत बसवता येतात, असं त्यात मांडलं. नंतर 1968 मध्ये चॉम्स्की आणि हाले यांनी यादी वाढवली, कानाऐवजी तोंडाच्या हालचालीवरून लक्षणं ठरवली, आणि ती सगळी माणसाच्या भाषाक्षमतेचा भाग धरली. भाषा त्यातून निवडते, नवी तयार करत नाही. ताईंच्या दोन च मधला फरक त्या यादीत एका लक्षणाचा आहे: हिरडीच्या उंचवट्याच्या पुढे की मागे. च़ पुढचा, च मागचा.

मला स्वतःला हे पटतं. तीन वर्षांचं मूल कुणी न शिकवता ‘माझा-माझी’ बरोबर म्हणतं, तर त्याच्याकडे चौकट आधीच असणार. नाहीतर ऐकलेल्या गोंगाटातून कुठला फरक धरायचा आणि कुठला सोडायचा, हे त्याला कळणार कसं?

कानसेन

मी परळला एका रुग्णालयात लहान मुलांच्या कानांची तपासणी करते, त्यामुळे ‘मूल घेऊन येतं’ या भागाबद्दल बोलू शकते.

बाळं खरंच पुष्कळ घेऊन येतात. 1971 मध्ये आयमस आणि सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांना ब आणि प ऐकवले. आवाज थोडाथोडा बदलत नेला, तरी बाळांना तो पायरीसारखा बदललेला वाटला, म्हणजे एका रेषेच्या अलीकडे ब, पलीकडे प. 1984 मधला वर्कर आणि टीस यांचा प्रयोग तर आपल्याच आवाजांवरचा आहे. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ट आणि त ओळखत होती. दहा-बारा महिन्यांची झाली, तेव्हा तो फरक बहुतेकांना कळेनासा झाला. त्यांच्या घरात त्या फरकाला काही काम नव्हतं.

हे वाचून ‘म्हणजे सगळं जन्मजात’ असं वाटतं. पण 1975 मध्ये कूल आणि मिलर यांनी चिंचिला नावाच्या उंदरासारख्या प्राण्याला ड आणि ट सारखे इंग्रजी आवाज शिकवले. त्या प्राण्याची रेषाही जवळपास तिथेच पडली जिथे माणसाची पडते. चिंचिला तर काही बोलत नाही. म्हणजे ती रेषा भाषेची नाही, सस्तन प्राण्याच्या कानाची आहे. भाषेने ती तयार मिळाली म्हणून वापरली.

एक माझ्या रोजच्या कामातलं सांगते. श्रवणयंत्र लावलेली मुलं माझ्यासमोर बसतात तेव्हा स सगळ्यात उशिरा सापडतो, कारण त्याची बरीचशी ताकद चार हजार हर्ट्‌झच्या वर असते आणि यंत्रातून तेवढं वरचं नीट पोचत नाही. दातांच्या च ची सळसळ टाळूच्या च पेक्षा वरच्या पट्टीत असते. मी तोंडासमोर कागद धरते, म्हणजे मुलाला ओठ-जीभ दिसू नये, आणि ‘चोर’ म्हणते. साडेचार वर्षांची एक मुलगी परवापर्यंत ते ‘तोर’ म्हणायची. यंत्राची वरची पट्टी वाढवून दिली. तीन आठवड्यांनी आली तेव्हा कागदामागून ‘चोर’ म्हटलं आणि तिने दातांमागे जीभ लावून ‘च़ोर’ म्हटलं. आईने डोळ्यांना पदर लावला. मूल चौकट घेऊन आलं होतं म्हणायचं, तर ती चौकट त्या तीन आठवड्यांपूर्वी कुठे होती? आवाज पोचला तेव्हा भेद उभा राहिला.

खुणांच्या भाषांचंही बघा. स्टोको यांनी 1960 मध्ये अमेरिकन खुणांच्या भाषेचं विश्लेषण केलं, त्यात हाताचा आकार, हाताची जागा आणि हालचाल हे भेद आहेत. तिथे घोष-अघोष कुठून असणार? लक्षणांची यादी जन्मतः ठरलेली असेल तर तिच्यात हाताचे आकारही घालावे लागतील.

शनिवारची_शिकवणी

कानसेन ताई, त्या मुलीचं वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. काका, ‘माझा-माझी’ सुरू केलं आहे.

पण विद्यार्थी दादा, तुमच्या मुद्द्यावर माझं मन अडतं. काका म्हणतात तो नियम पाहिला तर मराठीत एकेकाळी एकच च असणार आणि तो स्वर पाहून रंग बदलत असणार. म्हणजे तेव्हा तो भेद नव्हता, नुसती सवय होती. मग आज ‘विचार’ आणि ‘विचार’ हे दोन शब्द त्या च वर वेगळे होतात, ते कसं? मधे काहीतरी झालं असणार. भेद जन्मजात असता तर ‘मधे झालं’ याला जागा नाही.

खिळेजुळारी

बरोबर जागी बोट ठेवलंत. मधे जे झालं ते मी सांगतो.

प्राकृतातून जे शब्द घरंगळत आले, त्यांचा च अ, आ, उ, ओ यांच्यापुढे दातांकडे सरकला. ‘चांदोबा’ म्हणा, दातांचा च. मग पंडितांनी, कीर्तनकारांनी, पुढे शाळांनी संस्कृतातून शब्द तसेच्या तसे उचलले. त्यांचा च टाळूचाच राहिला. ‘चंद्र’ म्हणा, टाळूचा. चांदोबा आणि चंद्र एकाच आजीचे नातू, एक घरी वाढला आणि एक परत गावाहून आणला. तसंच ‘जात’. ‘जी जात नाही ती जात’ हे आपण म्हणतो तेव्हा पहिल्या ‘जात’चा ज दातांचा, शेवटच्या ‘जात’चा टाळूचा. ‘जग’ म्हणजे दुनिया टाळूचं, आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, ते दातांचं. ‘जरा थांब’ मधली जरा दातांची, म्हातारपणाची जरा टाळूची. मग फारसीतून ‘जमीन’, ‘जोर’ आले, इंग्रजीतून ‘चॉकलेट’, ‘चार्जर’. आता अ-आ-ओ पुढे दोन्ही च नांदायला लागले. जी नुसती सवय होती ती अर्थ सांगायला लागली.

आणि एक घरचाही रस्ता आहे. ‘त्याचा’ आणि ‘त्याच्या’ मोठ्याने म्हणून बघा. ‘च्या’तला य वेगळा ऐकू येतो का? बहुतेकांच्या तोंडात तो च मध्ये विरघळलेला असतो. मग ‘त्याचा’ आणि ‘त्याच्या’ यांत फरक उरला कशाचा? फक्त च चा. विभक्तीचा सगळा भार एका जिभेच्या टोकावर.

कलिन्याचा_विद्यार्थी

काका, ‘त्याचा-त्याच्या’ हे मी इतके दिवस बोलतोय आणि कधी ऐकलं नव्हतं. लोकलमध्ये बसून तोंडातल्या तोंडात वीस वेळा म्हणून पाहिलं, समोरचे काका बघायला लागले.

मान्य, हा भेद मराठीत घडला. तरी माझा मुद्दा पुरता जात नाही. घडला तो ठरावीक दिशेनेच का घडला? च दातांकडे सरकला, ओठांकडे का नाही? तेलुगूतही अगदी हाच दातांच्या-टाळूच्या च चा भेद आहे, त्याच स्वरांच्या नियमाने. मानवी तोंडात काही ठरावीक वाटा आहेत, त्या वाटांनाच मी जन्मजात म्हणतो.

दुसरी बाजूही लिहितो, कारण ती लपवणं बरोबर नाही. मीलके नावाच्या अभ्यासकाने 2008 च्या पुस्तकात पाचशेहून जास्त भाषांतले सहा हजारांवर ध्वनिगट तपासले, म्हणजे नियमांत एकत्र वागणारे आवाज. 1968 ची यादी त्यांतले पाऊण भागही पुरते पकडू शकली नाही. उरलेले गट यादीत बसतच नाहीत, तरी त्या भाषा बोलणारी मुलं ते शिकतात. या आकड्याने मी बराच हललो.

मिरजवाली

आवाजांचं झालं, पण ताईंनी लिंगाचंही विचारलं होतं, ते राहूनच गेलं. मी आता मुलुंडला असते, पण माहेर मिरजेचं, म्हणून कुपवाडबद्दल लिहायलाच हवं.

कुपवाड म्हणजे आता सांगली-मिरजेला जोडून असलेलं गाव. तिथे गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी अभ्यास करून 1971 मध्ये छापला, आणि जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत तो शिकवतात. गावात जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलितांच्या घरी मराठी, शिवाय थोडी तेलुगू. शेकडो वर्षं सगळे एकमेकांशी रोज बोलतात, पण घरची भाषा कोणी सोडत नाही, कारण ती आपल्या समाजाची ओळख. परिणाम असा की शब्द प्रत्येकाने आपले ठेवले आणि व्याकरण मात्र एकमेकांत मिसळलं. एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं, इतकं.

लिंगाचं तिथे काय झालं? कन्नडमध्ये लिंग अर्थावर चालतं: पुरुष ते पुल्लिंग, बाई ती स्त्रीलिंग, बाकी जनावर-वस्तू सगळं नपुंसक. कुपवाडच्या मराठी-उर्दूचं लिंग त्या वळणावर गेलं. म्हणजे आपल्याकडची ‘खुर्ची ती’ ही जी मोठी अटळ गोष्ट वाटते, ती बाजाराच्या ओट्यावर बसून काही पिढ्यांत बदलू शकते. माझ्या मामांचं मिरजेतलं बोलणं मुंबईला हसण्यावारी नेतात, त्यांना मी हे सांगते.

आणि लिंग हे लक्षणही कधीकाळी उगवलंच आहे. हित्ती ही आपल्याच कुळातली सगळ्यात जुनी लिहिलेली भाषा, तिच्यात दोनच लिंगं: सजीवांकडे झुकणारं एक आणि नपुंसक. स्त्रीलिंग या कुळात नंतर वेगळं झालं असं बहुतेक अभ्यासक मानतात. समूह आणि भाव दाखवणारा एक प्रत्यय होता, त्यातून. आपली आकारान्त संस्कृत स्त्रीलिंगं, ‘लता’, ‘माला’, तिथलीच.

ताई, तमिळ बाईंना हे जरूर सांगा. त्यांच्या भाषेतही मुख्य भेद माणूस आणि माणूस नसलेलं असा आहे. खुर्चीला ‘ती’ म्हणणं त्यांना विचित्र वाटणारच, त्यांच्या घरी खुर्ची माणूस नाही.

शनिवारची_शिकवणी

आज वर्ग झाला. आल्या आल्या लिहिते आहे.

मी आज पुस्तक नेलंच नाही. फळ्यावर दोन चित्रं काढली, चंद्राची कोर आणि गोल हसरा चांदोबा. म्हटलं, एक पोथीतून आला आणि एक अंगणातून. मग काकांचं ‘त्याचा-त्याच्या’ घेतलं. प्रत्येकाला तोंडासमोर तळहात धरायला लावला. दोन्ही वेळा हवा हाताला कुठे लागते ते बघा, म्हटलं. गुजराती जावा आपापसात म्हणून पाहायला लागल्या. वरळीच्या तेलुगू आजींना काही शिकवावंच लागलं नाही. त्यांनी पहिल्याच फटक्यात ‘च़ांदोबा’ म्हटलं आणि म्हणाल्या, ‘हे आमच्याकडे पण आहे.’ विद्यार्थी दादा, तुमची वाट आजींच्या तोंडात होती. पण माझ्या मते ती वाट आजींनी त्यांच्या आईकडून घेतली. त्यांची नात इंग्रजी शाळेत जाते आणि घरी हिंदी बोलते, तिला तो च येत नाही असं आजीच म्हणाल्या. रक्ताने आला असता तर नातीलाही आला असता.

लिंगाबद्दल इलेक्ट्रिशियन मुलाने विचारलं की वायर तो का ती. मी म्हटलं, आम्ही ‘ती’ म्हणतो, तार ती म्हणून. स्विच? तो. प्लग? तो. फ्यूज? इथे मी अडले. वर्गात मराठी बोलणारी मी एकटी, आणि मला ‘तो फ्यूज उडाला’ आणि ‘फ्यूज उडाली’ दोन्ही कानाला चालतात. माझ्या डोक्यात चौकट तयार असती तर मी अडले नसते. मंडळी, तुम्ही फ्यूजला काय म्हणता ते कृपया गावासकट लिहा, पुढच्या शनिवारी त्याला उत्तर द्यायचं आहे.

जाताना तमिळ बाईंनी वही दाखवली. त्यांनी आठवडाभर बँकेत, बसमध्ये, भाजीवाल्याकडे ऐकलेले च लिहून ठेवले होते आणि दातांच्या प्रत्येक च खाली पेन्सिलने टिंब दिलं होतं. पाच, काच, चव, वाचतो, चांगलं, अशी दोन पानं. ‘चार’ला टिंब नव्हतं, ‘चारा’ला होतं. ‘चौकशी’पुढे प्रश्नचिन्ह, कारण काउंटरवर दोन जणांनी दोन तऱ्हांनी म्हटलं. काका, ती दोन पानं फोटो काढून इथे टाकू का? तुमच्या केसमध्ये जे घर नव्हतं ते त्यांनी टिंबाने केलं आहे, आणि तुम्ही तपासलंत तर त्यांना फार बरं वाटेल.

खिळेजुळारी

टाका. चष्मा पुसून बसलो आहे. आणि फ्यूज आमच्या गिरगावात ‘तो’ उडायचा.